पुण्यात राहून ऑस्ट्रेलियाची एज पेन्शन: तिकीट काढण्याआधी महिने मोजा

गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कुणीतरी मला हमखास बाजूला घेतं. "आम्ही आता पुण्याला परत जायचं म्हणतोय. इथली पेन्शन तिकडे मिळेल का हो?" विचारणारे कधी पासष्टीचे काका असतात, तर कधी आईवडिलांना इथे आणलेली चाळिशीतली मुलगी असते. मी त्यांना सांगतो की मिळते, आणि कायदेशीरपणे आयुष्यभर मिळू शकते. पण किती मिळेल, हे तुम्ही तिकीट काढण्याआधी काय मोजलंत त्यावर ठरतं. ज्यांनी मोजलं नाही त्यांचं नुकसान मी जवळून पाहिलंय, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

पायरी १: ही पेन्शन कशाची आहे ते समजून घ्या

आपल्या डोक्यात पेन्शन म्हणजे नोकरी. इतकी वर्षं कापून घेतले, आता परत देतायत. ऑस्ट्रेलियाची एज पेन्शन तशी नाही. ती सरकारच्या तिजोरीतून, लोकांच्या करातून दिली जाते. तिच्यासाठी एक दिवसही नोकरी केलेली असावी लागत नाही. वीस वर्षं घर आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा हक्क तिच्या इंजिनिअर नवऱ्याइतकाच असतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "मी कुठे कधी काम केलं, मला कसली पेन्शन" असं म्हणून अर्जच न करणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत.

सुपर, म्हणजे नोकरीत मालकाने तुमच्या नावावर भरलेले पैसे, ही वेगळी गोष्ट. ते तुमचेच आहेत. एज पेन्शनशी त्यांचा संबंध येतो तो मत्ता आणि मिळकत मोजताना.

अटी तीन. वय ६७ पूर्ण हवं (१ जानेवारी १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना हेच वय लागू आहे). एकूण १० वर्षांचं वास्तव्य हवं, आणि त्यातली किमान ५ वर्षं सलग हवीत. शिवाय मिळकत आणि मत्ता ठरलेल्या मर्यादेत हवी. नागरिकत्व घेतलंच पाहिजे असं नाही, कायम वास्तव्याचा व्हिसाही चालतो.

पायरी २: जुने पासपोर्ट बाहेर काढा आणि महिने मोजा

हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करायचं. जुन्या पासपोर्टांची चळत, व्हिसा मंजुरीचं पत्र आणि एक कोरा कागद एवढं पुरतं. एका काकांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षांचे उभे रकाने आखले होते, त्याहून सुबक तक्ता मी पाहिलेला नाही.

पहिला प्रश्न असा की मोजायला सुरुवात कुठून करायची? पहिल्यांदा मेलबर्नच्या विमानतळावर उतरलात त्या दिवसापासून नाही. कायद्याच्या भाषेत तुम्ही "ऑस्ट्रेलियन रहिवासी" तेव्हापासून, जेव्हापासून तुम्ही इथे खरोखर राहत होता आणि हातात कायम व्हिसा किंवा नागरिकत्व होतं. विद्यार्थी व्हिसावरची दोन वर्षं, ४५७ सारख्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरची चार वर्षं, आईवडिलांनी पर्यटक व्हिसावर येऊन काढलेले सहा-सहा महिने, यातलं काहीच धरलं जात नाही. कर भरला असला तरी नाही. इथे बहुतेकांचा हिशेब तीन-चार वर्षांनी चुकतो.

सुट्टीसाठी भारतात महिनाभर गेलात तर वास्तव्य तुटत नाही. पण दोन वर्षं बंगळुरूला नोकरी घेऊन, बिऱ्हाड हलवून राहिला असाल तर तो काळ वजा होऊ शकतो. घर कुठे होतं, कुटुंब कुठे होतं, पैसाअडका कुठे होता, सगळं पाहून ते ठरवतात.

आता महत्त्वाचं. मोजण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

पहिली मोजणी १० वर्षांची. पेन्शनचं दार उघडायचं की नाही, हे ती ठरवते. यात कुठल्याही वयातलं वास्तव्य चालतं.

दुसरी मोजणी कामकाजी वयातल्या वास्तव्याची. वयाच्या १६ पासून पेन्शनच्या वयापर्यंत, म्हणजे ६७ पर्यंत, तुम्ही किती महिने रहिवासी होतात ते यात धरतात. पुन्हा सांगतो, इथेही नोकरी केलेली असण्याची गरज नाही, फक्त त्या वयात इथे रहिवासी असणं मोजलं जातं. ही मोजणी परदेशात तुमच्या हातात किती पडेल ते ठरवते. पूर्ण दरासाठी ३५ वर्षं, म्हणजे ४२० महिने लागतात. कमी असतील तर जितके महिने भागिले ४२०, तितका हिस्सा.

ओळखीतलं कुणी "मला तर पंचवीस वर्षांवर पूर्ण मिळते" म्हणत असेल तर ते खोटं बोलत नाहीत. १ जुलै २०१४ च्या आधी नियम २५ वर्षांचा होता आणि तेव्हाच परदेशी गेलेल्यांना तो लागू राहिला. तुमच्यासाठी ३५.

पायरी ३: आपला हिस्सा काढा

तीन उदाहरणं घेतो. तुमचं घर यातल्या एकाच्या जवळपास नक्की असेल.

चौतिसाव्या वर्षी कायम व्हिसावर आलेला माणूस. १८ वर्षं राहिला आणि बावन्नाव्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे नाशिकला परत गेला. २१६ महिने भागिले ४२०, म्हणजे साधारण ५१ टक्के. त्याच्या मिळकतीनुसार आणि मत्तेनुसार जी पेन्शन बसेल तिच्यातले शंभरातले ५१ त्याला नाशिकमध्ये मिळतील.

दुसरी बाई तिसाव्या वर्षी आली आणि ६७ पर्यंत राहिली. ३७ वर्षं झाली, ४२० च्या वर. ती अलिबागला जाऊन राहिली तरी हिश्शाची कात्री तिला लागत नाही.

तिसरं उदाहरण सगळ्यात नाजूक. मुलाने काँट्रिब्युटरी पेरेंट व्हिसावर, म्हणजे मोठी फी भरून आईवडिलांसाठी मिळणाऱ्या कायम व्हिसावर, आणलेले आईबाबा. बाबा साठाव्या वर्षी आले. १० वर्षं पूर्ण झाली तेव्हा वय ७० होतं, आणि पेन्शन सुरू झाली. इथे राहतात तोवर त्यांना मिळकत-मत्तेच्या हिशेबाने जितकी बसते तितकी सगळी मिळते. पण कामकाजी वयातलं त्यांचं वास्तव्य ६० ते ६७ इतकंच, म्हणजे ८४ महिने. ८४ भागिले ४२० म्हणजे २० टक्के. ते कायमचे कोल्हापूरला गेले की रक्कम पाचव्या हिश्शावर येते. आणि जे सदुसष्टी उलटल्यावरच रहिवासी झाले त्यांचा हिस्सा शून्य निघतो. अशा आईबाबांनी "आता पेन्शन सुरू झाली, चला गावी जाऊन निवांत राहू" असं ठरवण्याआधी मुलांनी हा भागाकार त्यांच्यासमोर करून दाखवावा. विमानात बसल्यावर कळण्यापेक्षा टेबलावर कळलेलं बरं.

यातूनच आणखी एक निघतं. तुम्ही ६४ वर्षांचे असाल, महिने ४२० पेक्षा कमी असतील आणि परतीची घाई नसेल, तर इथे राहिलेलं प्रत्येक जादा वर्ष ६७ पर्यंत तुमच्या हिश्शात जवळजवळ ३ टक्क्यांची भर घालतं, आणि ती भर परदेशातल्या पेन्शनवर कायम राहते. सदुसष्टीनंतर थांबून मात्र हा हिस्सा वाढत नाही.

पायरी ४: अर्ज कुठून करायचा

साधा नियम असा की अर्ज करण्याच्या दिवशी तुम्ही ऑस्ट्रेलियात हजर हवे आणि इथले रहिवासी हवे. भेटीला आलो, मुलाच्या घरी दोन महिने राहिलो, तेवढ्यात अर्ज टाकला, असं चालत नाही. परतीचं तिकीट खिशात असलेल्या माणसाला रहिवासी म्हणत नाहीत.

भारतात राहणाऱ्यांसाठी मात्र एक मोठी सोय झाली आहे. भारत आणि ऑस्ट्रेलियातला सामाजिक सुरक्षा करार नोव्हेंबर २०१४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे पूर्वी इथे राहून गेलेला माणूस भारतातूनच एज पेन्शनचा अर्ज करू शकतो. वरच्या उदाहरणातल्या नाशिककराला ६७ पूर्ण झाल्यावर मेलबर्नला येऊन बिऱ्हाड थाटायची गरज नाही. पेन्शन देणारं सरकारी खातं म्हणजे सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया. त्याचा आंतरराष्ट्रीय विभाग होबार्टला आहे, तो हे अर्ज हाताळतो. भारतात भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे आपल्या ईपीएफओच्या, कार्यालयामार्फतही अर्ज देता येतो.

ज्यांची १० वर्षं भरत नाहीत त्यांना या कराराचा दुसरा उपयोग आहे. समजा इथलं वास्तव्य ६ वर्षांचंच आहे, पण त्याआधी पिंपरीच्या कारखान्यात ८ वर्षं नोकरी झाली आणि तिथे ईपीएफओच्या पेन्शन योजनेत नाव होतं. मग दोन्हीकडचा काळ जोडून १० वर्षांचं दार उघडता येतं. रक्कम मात्र इथल्या महिन्यांवरच ठरते, पिंपरीतली वर्षं ४२० मध्ये मिसळत नाहीत. हाच मार्ग उलटाही चालतो. ईपीएफओच्या पेन्शनला लागणारी १० वर्षं भरायला इथला काळ उपयोगी पडू शकतो. म्हणून आज भारतातली नोकरी सोडून इथे येणाऱ्या तरुणांना मी सांगतो की फॉर्म १०सी भरताना पेन्शनचे पैसे उचलून मोकळे होऊ नका, त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट (नोकरीची वर्षं पेन्शनसाठी राखून ठेवल्याचा दाखला) मागता येतं, ते घ्या आणि यूएएन, म्हणजे ईपीएफओतला तुमचा कायमचा नंबर, जपून ठेवा. तीस वर्षांनी तो कागद लागतो.

करार प्रत्येक देशाशी नाही. जर्मनी, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड यांच्याशी आहे. ब्रिटनशी होता, तो २००१ मध्ये संपला. सिंगापूर आणि दुबईत स्थायिक झालेल्यांना या सोयीचा आधार नाही.

आता तो सापळा, ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला. इथे राहून गेलेला माणूस परत येतो, पुन्हा रहिवासी होतो, पेन्शन घेतो आणि लगेच भारतात निघतो. पुन्हा रहिवासी झाल्यापासून २ वर्षं व्हायच्या आत पेन्शन मंजूर झाली आणि त्या २ वर्षांच्या आतच देश सोडला, तर साध्या नियमानं मिळालेली ती पेन्शन बाहेर गेल्यावर बंद होते. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने चौदा महिने भाड्याच्या घरात काढले, हाडं गोठवणारा हिवाळा सोसला, आणि नातवाच्या मुंजीला म्हणून निघाले. त्यांना भारतातूनच करारानुसार अर्ज करता आला असता, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला आजही त्याची हळहळ वाटते.

अर्ज ६७ व्या वाढदिवसाच्या १३ आठवडे आधीपासून देता येतो. तो आधीच द्या, कारण पेन्शन सहसा अर्जाच्या तारखेपासून मोजतात. उशीर झाला तर मधले महिने बुडाले.

पायरी ५: घर, शेत आणि एफडी यांचा खरा हिशेब मांडा

सप्टेंबर २०२५ च्या दराने इथे राहणाऱ्या एकट्या माणसाला जास्तीत जास्त पंधरवड्याला १,१७८.७० डॉलर मिळत होते, जोडप्यातल्या प्रत्येकाला ८८८.५०. दर वर्षातून दोनदा, २० मार्च आणि २० सप्टेंबरला बदलतात, तेव्हा अर्ज करताना ताजा आकडा पाहा. ही कमाल झाली. तुमची किती, हे दोन चाचण्यांवर ठरतं. मिळकतीची आणि मत्तेची, अशा दोन्ही चाचण्या लावतात आणि जिच्यातून कमी रक्कम येते ती देतात.

मत्तेत राहतं घर धरत नाहीत. जुलै २०२५ पासूनच्या आकड्यांनुसार, स्वतःचं घर असलेल्या जोडप्याची बाकी मत्ता ४,८१,५०० डॉलरपर्यंत असेल तर या चाचणीत काही कापत नाहीत, एकट्यासाठी ही मर्यादा ३,२१,५००. त्यावरच्या प्रत्येक १,००० डॉलरमागे पंधरवड्याला ३ डॉलर कमी होतात.

आपल्या लोकांचा घोळ घरावरून होतो. राहतं घर एकच असतं. मेलबर्नला राहताय तोवर कोथरूडचा फ्लॅट ही मत्ता. कायमचे कोथरूडला गेलात की तो फ्लॅट तुमचं राहतं घर, आणि मग भाड्याने दिलेलं मेलबर्नचं घर हिशेबात येतं. मेलबर्नमधलं साधं घरही आज पेन्शनचा मोठा भाग, कधी कधी सगळीच पेन्शन, खाऊन टाकण्याइतकं महाग असतं. महिने ४२० असले तरी इथे गाडी अडते. घर विकायचं की ठेवायचं हा निर्णय पेन्शनच्या अर्जाआधी घ्यायचा, नंतर नाही.

गावची जमीन सांगायची. सातबाऱ्यावर चार भावांची नावं आहेत आणि वाटणी अजून झालेली नाही, तरी तुमचा हिस्सा तुमचाच आहे. "ती काय आमच्या उपयोगाची" हे उत्तर अर्जात चालत नाही. बाजारभावाचा प्रामाणिक अंदाज, हिश्शाचा कागद आणि परिस्थिती स्पष्ट लिहिलेलं पत्र जोडा. लपवून ठेवलं आणि पुढे निघालं तर दिलेली रक्कम परत मागतात, आणि उतारवयात ते ओझं फार जड होतं.

फ्लॅट मुलाच्या नावावर करून मत्ता कमी दाखवू, असं सुचवणारे सल्लागार भेटतात. वर्षाला १०,००० आणि ५ वर्षांत मिळून ३०,००० डॉलरपर्यंतच्या भेटी चालतात. त्यावरचं जे दिलं ते पुढची ५ वर्षं तुमचंच धरलं जातं. फ्लॅट हातचा जातो आणि पेन्शनही वाढत नाही.

एफडीचं थोडं दिलासादायक आहे. भारतातली बँक ७ टक्के देत असली तरी सेंटरलिंक (सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाचा पेन्शन पाहणारा विभाग) प्रत्यक्ष व्याज मोजत नाही, सरकारने ठरवलेल्या दराने मिळकत गृहीत धरतं, आणि तो दर सध्या बराच कमी आहे. ईपीएफओची पेन्शन मात्र मिळकतीत धरतात, तसंच फ्लॅटचं भाडंही.

पायरी ६: निघाल्यावर काय कधी कमी होतं

जाण्याआधी सेंटरलिंकला तारीख कळवा. सीमेवरची नोंद त्यांना मिळतेच, पण कायमचं चाललोय की तीन महिन्यांसाठी, हे तुम्हीच सांगायचं असतं.

तात्पुरते गेलात तर पहिले ६ आठवडे सगळं जसंच्या तसं. ६ आठवड्यांनंतर पेन्शनसोबत मिळणाऱ्या दोन पूरक रकमांपैकी पेन्शन सप्लिमेंट मूळ दरावर येतं आणि एनर्जी सप्लिमेंट थांबतं. औषधं स्वस्त देणारं कन्सेशन कार्डही जातं. २६ आठवड्यांनंतर पायरी ३ मधला हिस्सा लागू होतो. दरवर्षी हिवाळ्यात चार-पाच महिने भारतात काढून परत येणाऱ्या आजीआजोबांना म्हणूनच हिश्शाची झळ लागत नाही. करारानुसार भारतातूनच अर्ज केलेल्यांना मात्र हिश्शाचा दर पहिल्या दिवसापासून असतो.

परदेशात कायम राहणाऱ्यांना रक्कम दर ४ आठवड्यांनी मिळते, थेट भारतातल्या बँक खात्यात.

पायरी ७: फाइल

पासपोर्ट नवे-जुने सगळे, कायम व्हिसाचं पत्र, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, टॅक्स फाइल नंबर, लग्नाचा दाखला, यूएएन आणि ईपीएफओचे कागद, सुपरचं शेवटचं पत्रक, दोन्ही देशांतल्या बँकांची स्टेटमेंट, घरांचे आणि जमिनीचे उतारे. मराठीतला दाखला किंवा सातबारा भाषांतरासाठी बाहेर पैसे देऊन आणण्याची घाई करू नका. अर्जासाठी लागणारे कागद सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया विनामूल्य भाषांतरित करून घेतं आणि दुभाषाही मोफत मिळतो, आधी तिथे विचारा.

भारतात स्थायिक झाल्यावर वयाची ८० उलटली की दर दोन वर्षांनी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि उत्तर आलं नाही तर पेन्शन थांबते, म्हणून घर बदललं की पत्ता त्याच आठवड्यात कळवा.

फाइल कुठल्या कपाटात आहे ते नवऱ्याला किंवा बायकोला दाखवून ठेवा. घरात बहुधा एकालाच हे व्यवहार ठाऊक असतात. त्याच्या पश्चात दुसऱ्याचा दर जोडप्याच्या दरावरून एकट्याच्या दरावर जातो, म्हणजे वाढतो, पण त्यासाठी होबार्टला कुणीतरी कळवायला हवं, आणि त्या दिवसांत आईला एकटीला ते सुचत नाही. मुलांपैकी एकाचं नाव अधिकृत प्रतिनिधी म्हणून आधीच नोंदवलं असेल तर तो फोन मुलगा किंवा मुलगी करू शकते.